टेस्टचे फोटो

रत्नपालने नमुन्याची प्रत हातात दिली. अल्काने ती खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि विचारलं, “ही कोण?”

रत्नपालला आधी कळलंच नाही. “माय होय ना, ताई.”

“कोणाची?”

दोघांची आई रुख्माबाई जाऊन अकरा दिवस झाले होते. उद्या सकाळी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. समोरच्या टेबलावर फुलं आणि मेणबत्त्यांच्या मधोमध हा फोटो बसणार होता. नंतर तो स्टुडिओमागच्या घरातल्या भिंतीवर जाणार आणि अल्का, रत्नपाल दोघं मेल्यावरही तिथेच राहणार. नातवंडांना आजी आठवणार ती याच फोटोतून. कार्यक्रमाचं जेवण, मांडव, भंतेजींना निमंत्रण यातल्या कशातही अल्काने लक्ष घातलं नव्हतं. तिला फक्त फोटो धड हवा होता.

फोटोतली बाई गोरी होती. गाल भरलेले, कातडी मेणासारखी गुळगुळीत, ओठांवर गुलाबी झाक, मागे निळं आभाळ. रुख्माबाई काळी होती. सावळी म्हणून सांभाळून घ्यावं अशी नव्हे, चांगली काळी. तिच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन हिरवट ठिपके होते. लहान असताना अल्का मांडीवर बसून ते बोटाने मोजायची. फोटोतल्या बाईची हनुवटी कोरी होती.

“गोंदण कुठे गेलं?”

“डाग समजून काहाडलं असन त्यानं,” रत्नपालने संगणकाकडे मान हलवली. “आपोआप होते ते.”

अल्काला ओरडता येत नसे. भंडाऱ्याच्या कॉलेजात बावीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढल्यावर आवाज चढवायची सवयच मोडली होती. राग आला की ती आणखी हळू बोलायची. रत्नपालला तो हळू आवाज लहानपणापासून ओळखीचा होता. तो खुर्चीत जरा मागे सरकला.

“मूळ फोटो दाखव.”

“हाच मूळ.”

“कॅमेऱ्यातून निघाला तो, रत्नपाल.”

“आता कसा दाखवू? कार्ड लावलं का फोटो आतमंधी येतेत. येता येताच उजरे होतेत, डाग जातेत, अना कार्ड साफ होते. लग्नाच्या सीझनमंधी एका दिवसाले तीन तीन पार्ट्या रायतेत, ताई. माह्यापाशी कार्ड दोन. एकेक फोटो धरून बसलो तं झाला माहा धंदा.”

“आणि मूळची प्रत?”

“जागा खाते ना.”

रविता, रत्नपालची बायको, चहा घेऊन आली. दोघांचे चेहरे पाहून तिने कप मधल्या स्टुलावर ठेवले आणि चांगल्या मनाने म्हणाली, “मले तं चांगला वाटते, ताई. मायची तब्येत कशी भरल्यासारखी दिसून राहिली यात.”

“तेच तर,” अल्का म्हणाली.

“मायले दाखवला होता मी हा फोटो,” रत्नपालला जोर चढला. “हसून हसून लोटपोट झाली ते.”

“काय म्हणाली?”

रविताच बोलली. “मनाली, हे कोन्ती मास्तरीन होय रे? माह्या घरात कायले घुसली?”

एवढं सांगताना रविताला हसू फुटलं, मग तिच्या लक्षात आलं आणि पदर तोंडाला लावून ती आत निघून गेली.

“तिलाही ओळखू आली नाही,” अल्का म्हणाली. “ऊठ.”

“कायले?”

“ऊठ म्हणते ना. मला बसू दे.”

हे फोटोंचं सॉफ्टवेअर अल्काला माहीत होतं. मागच्याच वर्षी, कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवासाठी, पन्नास वर्षांचे फोटो तिने यातच लावले होते. लावण्याआधी एक अख्खी दुपार खर्चून तिने त्याच्या सेटिंगचं पान न् पान वाचलं होतं. लोक हसले होते. पण पुस्तकांना क्रमांक द्यायच्या आधी नियम ठरवावे लागतात, हे तिला ठाऊक होतं. एकदा नियम ठरला की पुढे कोणी विचार करत नाही. म्हणून तर तो ठरवताना विचार करायचा.

तिने सेटिंगची खिडकी उघडली. इंग्रजीत एकाखाली एक ओळी, प्रत्येकीपुढे छोटा चौकोन. कार्डावरून फोटो आत घेताच उजळ करा: बरोबरची खूण. चेहऱ्याचा रंग सुधारा: खूण, आणि शेजारची पट्टी पार उजवीकडे ओढलेली. चेहऱ्यावरचे डाग काढा: खूण. बदल मूळ फाइलवरच साठवा: खूण. मूळ फाइलची प्रत जपून ठेवा: हा चौकोन तेवढा रिकामा.

“हे सगळं तू लावलंस?”

“मंग कोन लावन? कंपनीवाला कायले येते?” रत्नपाल तिच्या खांद्यामागे उभा होता. “तुले नाई माईत ताई, गिऱ्हाईक कसे रायतेत. पोरीचा फोटो पाहुन्याले दाखवाचा असते. मायबाप अथीच भांडतेत, आमची पोरगी एवढी काळी काऊन काहाडली मनून. मी काहाडली का काळी? मंग मीच उजरी करून देतो. सारेच करतेत.”

“पोरींचं कर. घरच्यांचं कशाला?”

“एकच कंप्युटर हाय ना. त्याले का समजते घरचं कोन अना बाहेरचं कोन?”

हे खरंच होतं. अल्काने चौकोनांवरून पुन्हा नजर फिरवली आणि मग रंग सुधारायच्या पट्टीवर तिची नजर अडकून राहिली. पट्टीखाली बारीक अक्षरांत समजावून सांगितलं होतं. चेहऱ्यावरचा पिवळेपणा कमी होईल, डोळ्यांचा पांढरा भाग स्वच्छ दिसेल.

तिने ते दोनदा वाचलं.

जानेवारीत फोनवर आईचा आवाज खोल गेल्यासारखा वाटला होता. अल्का म्हणाली होती, येऊन जाते. मग म्हणाली, आधी एक फोटो पाठव, रत्नपाल, बघू दे तरी. त्याने त्याच संध्याकाळी ई-मेलने फोटो पाठवला. त्यात आई टवटवीत दिसत होती, डोळे पांढरेशुभ्र. कॉलेजात तपासणी समिती येणार होती. अल्काने मार्चचा पहिला आठवडा ठरवला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आई नागपूरच्या दवाखान्यात होती आणि डॉक्टर तिच्या पापण्या वर ओढून विचारत होता, कावीळ काही महिन्यांची दिसते, घरात कोणालाच दिसली नाही का? तेव्हा अल्काने मनात म्हटलं होतं, फोटोत तर दिसली नव्हती.

आणि दिसणार कशी? खूण लावलेली होती.

ती खिडकीतल्या पुढच्या पानावर गेली. कोणत्या फोल्डरमधले फोटो दाखवायचे, त्याची यादी होती. प्रत्येक फोल्डरला तीनपैकी एक हुकूम: नेहमी लक्ष ठेव, एकदाच बघ, कधीच दाखवू नको. लग्नांची नावं, बारशांची नावं, शाळांची नावं. सगळ्यांवर लक्ष. अगदी तळाला एका फोल्डरपुढे लाल फुली होती. कधीच दाखवू नको. फोल्डरचं नाव होतं ‘टेस्ट’.

“हे काय आहे?”

“ते काई नाई. लाइटचे फोटो होत. पुसून टाकतो मी ते.”

“पुसलेले नाहीत. नुसते झाकलेले आहेत.”

तिने लाल फुली काढली. पडद्यावर क्षणभर काहीच झालं नाही. मग चौकोनामागून चौकोन भरत गेला, आणि प्रत्येक चौकोनात रुख्माबाई होती.

दोनशे चौदा फोटो. पांढरं लुगडं, मागे कधी निळा पडदा, कधी बागेचा, कधी नुसती भिंत. हात दोन्ही बाजूंना सोडलेले. एकात हाताला पीठ, एकात बोटं लसणाने चिकट म्हणून फाकवलेली. एकात डोळे मिटलेले. एकात ती भलतीकडेच पाहते आहे, बहुधा चुलीवरच्या दुधाकडे. कुठेच हसलेली नव्हती. आणि सगळीकडे ती काळी होती, सगळीकडे गोंदणाचे तीन ठिपके जागेवर होते.

“नवा लाइट आनला, का पडदा बदलला, का मायले हाक मारो,” रत्नपाल म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. “चेहरा काळा, लुगडं पांढरं. दोन्ही एका फोटोत बरोबर आले का समजाचं, बाकी कोनाचाही बरोबर येते. मायवर सेट केलं का दिवसभर पाहा लागत नाई. टेस्ट हाय मनून याले सुधराचं नसते, कार्ड न लावता तारेनं सरळ या फोल्डरमंधी घेतो. सुधरलं तं लाइट समजन कसा?”

“आणि झाकायचं कशाला?”

तो कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला.

“रत्नपाल, झाकायचं कशाला?”

“गिऱ्हाईक अथी पडद्यापुढं बसते, आपले फोटो निवडते. मंधातच हे दिसते. मंग इचारतेत, हे कोन होय मनून.”

“मग सांगायचं.”

त्याने पडद्यावरून नजर काढून दाराकडे लावली.

अल्काने फोटो तारखेने लावले. दोन हजार सातपासून या, दोन हजार दहाच्या फेब्रुवारीपर्यंत. ती एकेक पुढे नेत गेली, घाई न करता. दोन हजार आठमध्ये गाल भरलेले. नऊच्या पावसाळ्यात गळ्याची हाडं दिसायला लागली. दिवाळीनंतर लुगड्याची गाठ मोठी मोठी होत गेलेली, कारण कंबर राहिली नव्हती. डिसेंबरात डोळ्यांचा पांढरा भाग मळकट. जानेवारीत पिवळा. संक्रांतीच्या आसपासच्या एका फोटोत ती भिंतीला एक हात टेकून उभी होती. फेब्रुवारीत हळद लावल्यासारखी. आणि प्रत्येक वेळी लाइट बरोबर होता.

“तारखा बघ,” अल्का म्हणाली.

“पाहून राहिलो.”

“नाही. बघ.”

“दिसून राहिलं ना, ताई!”

“आता दिसलं. हा डिसेंबरचा. हा काढलास, इथे बसून बघितलास. मोठा करून बघितला असशील, नाही का? डोळ्यापर्यंत मोठा करून. सावली पडते का म्हणून.”

“मी उजेड पाहून राहिलो होतो!” रत्नपाल ओरडला. “मायले नाई!”

बाहेर कोणी तरी दुचाकी लावून दाराशी आलं होतं. ते आवाज ऐकून तसंच परत गेलं. रत्नपाल खाली बाकड्यावर बसला. तोंड वर न करता म्हणाला, “अना तू? तुले तं फोटोच पुरून राहिले होते. भंडारा काई लंडन नाई. दीड तासाची गाडी.”

अकरा दिवस अल्का हेच स्वतःला म्हणत होती, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तो राग वेगळाच झाला. आतापर्यंत तो भावावर होता, त्या खुणांवर होता, आणि तिथे तो सरळ उभा राहत होता. आता तो दोन्हीकडून पेटला. तिला उठून तो संगणक रस्त्यावर टाकावासा वाटला. तिने टाकला नाही. तिने मागच्या उन्हाळ्यातला एक फोटो निवडला.

त्यात रुख्माबाईच्या हातात सूप होतं. मोहफुलं निवडता निवडता उठून आलेली. कपाळावर घाम, डोळे दिव्याने बारीक झालेले, तोंड जरा उघडं. ‘झालं का रे?’ असं म्हणता म्हणता फोटो निघालेला. तिचा जीव निघून जायच्या दहा महिने आधीची, अजून पुरती अंगात असलेली बाई.

“हा.”

“हा?” रत्नपालने पाहिलं. “ताई, हातात सूप हाय.”

“तेवढं कापता येईल. चेहरा ठेव.”

“लोक का मनतीन? फोटोवाल्याची माय अना असा फोटो! तोंड उघडं, घाम आलेला. कमीत कमी घाम तं पुसू दे.”

“काही पुसायचं नाही.”

“कार्यक्रमाले अर्धे गोंदियाचे फोटोवाले येऊन राहिलेत, ताई. माही इज्जत...”

“तुझी इज्जत तू बघ. मला माझी आई हवी आहे.”

मग तिने एकेक खूण काढली. मूळ प्रत ठेवायच्या चौकोनात लावली. “मी गेल्यावर गिऱ्हाइकांसाठी पुन्हा काय लावायचं ते लाव,” ती म्हणाली. “आज नाही.” फोटो पेनड्राइव्हवर घेतला आणि पेनड्राइव्ह मुठीत धरून दारात जाऊन उभी राहिली.

मोठे फोटो गोंदियाच्या बाजारातल्या लॅबमध्ये निघत. रत्नपालने गाडी काढली. स्टुडिओ होता त्या कुडव्यातून निघून, पूल ओलांडून दोघं बाजारात आले. एप्रिलचं ऊन डोक्यावर होतं आणि गाडीची सीट तव्यासारखी तापली होती.

लॅबमध्ये दोन स्टुडिओवाले आपापल्या लग्नांची पाकिटं घ्यायला बसले होते. मशीनवर छोटेलाल होता. रत्नपालच्या स्टुडिओचं काम गेली सहा वर्षं तोच करत होता, अल्बमही कुडव्याला तोच पोचवून द्यायचा.

“आओ रतनभाई. बहुत बुरा लगा सुनके,” तो म्हणाला. “कल आ रहे हैं हम सब. फोटो लाए? बारह बाई अठारह ना?” त्याने पेनड्राइव्ह लावला आणि बोटं सवयीने चालवली. “आपका तो प्लस टू फिक्स है.”

“प्लस टू काय?” अल्काने विचारलं.

“चेहरे का करेक्शन, दीदी. रतनभाई का हर फोटो प्लस टू गोरा होके निकलता है. मशीन में इनके नाम पे सेट करके रखा है. बोलना ही नहीं पड़ता.”

म्हणजे तिथे काढलेली खूण इथे होतीच. अल्काला वाटलं, जिथे जाईल तिथे कोणी तरी आधीच जाऊन आपल्या आईला झाकून ठेवलं आहे.

“ते काढा. फोटो आहे तसा हवा.”

“दीदी, आप समझे नहीं. बिना करेक्शन के काला आएगा.”

“काळाच पाहिजे.”

बाकड्यावरच्या दोघांनी मान वर केली. छोटेलाल हसला, जसं अडाणी गिऱ्हाइकाला हसतात तसं. “फिर सब बोलेंगे छोटेलाल ने बिगाड़ दिया. सेटिंग भाई के नाम पे है. भाई बोलेंगे तो हटाऊँगा. क्यों रतनभाई?”

रत्नपाल काउंटरच्या काचेकडे पाहत होता. “हटव,” तो पुटपुटला.

“क्या?”

“त्यांना ऐकू आलं नाही,” अल्का म्हणाली. “नीट सांग.”

रत्नपालने बहिणीकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती, सोड ना ताई, घरी जाऊन काय ते बोल. तिने नजर हलवली नाही.

“करेक्शन हटा दो,” तो मोठ्याने म्हणाला. “जैसा है वैसा निकालो.”

छोटेलालने खांदे उडवले आणि बटण दाबलं. मशीन गुरगुरलं. फोटो खालच्या फटीतून हळूहळू बाहेर आला: आधी केस, मग घाम आलेलं कपाळ, बारीक केलेले डोळे, अर्धवट उघडं तोंड, हनुवटी. छोटेलालने तो कडांना धरून उचलला, उजेडात धरला, आणि त्याचा चेहरा एकदम खुलला.

“अरे! ये तो वो बाई है ना? आपके यहाँ काम करने वाली? एल्बम देने आता था तो पानी यही पिलाती थी. बड़ी मजाक वाली थी. मुझको बोलती थी, छोटे, तू फोटो बाँटते, अना तुहा एकही फोटो नाई का?” तो हसला. मग गोंधळून त्याने फोटो खाली घेतला. “लेकिन इसका इतना बड़ा काहे को बनवा रहे हो, रतनभाई? अम्मा का फोटो कहाँ है?”

मशीनचा पंखा चालू होता. बाकड्यावरचे दोघं जागेवरून उठून पाहायला आले होते.

अल्काच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. एक शब्द पुरेसा होता. तिने तो तोंडातच ठेवला. हा प्रश्न तिला विचारलेला नव्हता. सहा वर्षांत तो किती वेळा विचारला गेला असेल आणि किती वेळा तिच्या भावाने नुसतं हसून दुसरा विषय काढला असेल, हे त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून तिला कळत होतं.

“एक बार पूछा भी था मैंने आपको, ये बाई कौन है,” छोटेलाल म्हणाला. “आप हँस दिए थे.”

रत्नपालने हात पुढे केला आणि फोटो त्याच्याकडून घेतला. कडांना धरला नाही. तळहात खाली घालून घेतला, लहान मूल घेतात तसा, आणि त्याच्या अंगठ्याचा घाम कोपऱ्याला लागला.

“माय होय,” तो म्हणाला. मग छोटेलालला ते पुरलं नाही असं वाटून, पुन्हा, “माँ है. मेरी माँ है ये.”

छोटेलालचं तोंड उघडंच राहिलं. बाकड्यावरच्या दोघांपैकी एकाने चप्पल शोधल्यासारखं खाली पाहिलं. “भाई, मुझे सच में...” छोटेलाल म्हणाला, आणि त्याने हात पँटला पुसले. “अँगूठा लग गया. दूसरा निकाल दूँ?”

“हाच राहू द्या,” अल्का म्हणाली.

रत्नपाल रडत होता. आवाज न करता, दुकानातल्या सगळ्यांसमोर. अकरा दिवसांत तो पहिल्यांदाच असा रडत होता, आणि दुसऱ्या कुठल्याही दिवशी अल्काने त्याच्या पाठीवर हात ठेवला असता. तो तिचा धाकटा भाऊ होता. शाळेत तिनेच त्याला पोचवलं होतं, पहिला कॅमेरा तिच्या पहिल्या पगारातून आला होता. तिचा हात उठलाही. पण तिने तो काउंटरवर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

उद्या विहारात गोंदियाचे फोटोवाले येणार होते, कुडव्याचे दुकानदार येणार होते, गेल्या दहा वर्षांचं गिऱ्हाईक येणार होतं. एकेक जण फोटोपुढे हात जोडायला वाकणार, थबकणार, आणि रत्नपालकडे वळून विचारणार. प्रत्येक वेळी त्याला सांगावं लागेल. अल्का तिथेच, फोटोच्या बाजूला, उभी असेल. आणि ती एकदाही त्याच्याऐवजी बोलणार नव्हती.